फी सगळ्यांची, मग कार्यक्रमही सगळ्यांचे: ग्रामीण महाविद्यालयात निधी कसा वाटावा

गडचिरोलीतल्या तालुक्याच्या महाविद्यालयात एकाच बाकावर माडिया, तेलुगू, बंगाली आणि झाडीबोली बोलणारी मुले बसलेली असतात. मेळघाटात कोरकू, झरी-जामणी आणि केळापूरकडे कोलामी, पुसद-मानोऱ्याकडे बंजाऱ्यांची गोरमाटी, अचलपूर-कारंज्याकडे उर्दू, गोंदियात पोवारी. फीच्या खिडकीवर यांतले सगळे सारखीच रक्कम भरतात. ती रक्कम खर्च होते मात्र बहुतेक एकाच ठिकाणी: जानेवारी-फेब्रुवारीतले गॅदरिंग, त्याचा मंडप, डीजे आणि पाहुण्यांचे सत्कार. कोलाम किंवा पारधी विद्यार्थ्याच्या वाट्याला आलीच तर ‘लोकनृत्य’ या नावाखाली पाच मिनिटे येतात, आणि तेही नृत्य बहुधा दुसरेच कोणी करते.

हे बदलायला मोठा निधी लागत नाही. आहे त्याच पैशाच्या वाटपाचा नियम वर्षाच्या सुरुवातीला लेखी ठरवावा लागतो आणि तो पाळावा लागतो. प्राचार्य, विद्यार्थी विकास अधिकारी आणि वर्गप्रतिनिधी यांनी हे काम कसे करावे, ते पुढे क्रमाने दिले आहे.

आधी शुल्कपत्रक हातात घ्या

प्रवेशाच्या वेळी मिळणाऱ्या पावतीवर शिकवणी शुल्काखाली बारीकसारीक नावांची, म्हणजे शीर्षांची, यादी असते: विद्यार्थी कल्याण निधी, स्नेहसंमेलन, सांस्कृतिक उपक्रम, क्रीडा, ओळखपत्र, युवा महोत्सव, अश्वमेध (आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सव), इंद्रधनुष्य (आंतरविद्यापीठ सांस्कृतिक महोत्सव). यातली काही रक्कम महाविद्यालयाने गोळा करून विद्यापीठाकडे भरायची असते. तिला हात लावता येत नाही. क्रीडा किंवा ग्रंथालयाच्या शीर्षाखालचा पैसा तिकडेच खर्च व्हायला हवा. उरतात ती दोन-तीन शीर्षे: सांस्कृतिक उपक्रम, स्नेहसंमेलन आणि विद्यार्थी कल्याण. आपला विषय एवढ्यापुरताच. या शीर्षांखाली मागच्या तीन वर्षांत किती जमा झाले, किती खर्च झाले आणि कशावर, हा एक पानाचा तक्ता लेखापालाकडून मागून घ्या. तो समोर नसेल तर पुढची सगळी चर्चा हवेत राहते.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. ‘कार्यक्रमासाठी प्रत्येकी शंभर रुपये आणा’ अशी वेगळी वर्गणी काढू नका. शिष्यवृत्ती आणि फ्रीशिपमध्ये (फीमाफीत) मंजूर शीर्षांचीच रक्कम धरली जाते. बाहेरची वर्गणी थेट मुलाच्या खिशातून जाते, आणि ज्याच्या समाजाचा कार्यक्रम व्हावा म्हणून आपण धडपडतो तोच मुलगा त्या दिवशी वर्गात येत नाही. नवे शीर्ष काढायचे किंवा रक्कम वाढवायची असेल तर विद्यापीठाच्या मान्यतेनेच करा. पहिली दोन वर्षे तरी फी न वाढवता, आहे त्यातला हिस्सा बाजूला काढून काम चालवा.

ठराव जुलैतच

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ च्या कलम ९७ नुसार प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते. वार्षिक अंदाजपत्रक तयार करणे आणि वर्षातले मोठे सांस्कृतिक कार्यक्रम आखणे ही तिचीच कामे आहेत. विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष आणि सचिवही तिचे सदस्य असतात. परिषद नेमली गेली नसेल तर वर्गप्रतिनिधींमधून दोघांना निमंत्रित म्हणून बसवा आणि इतिवृत्तात तशी नोंद घ्या.

ठरावात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: कोणत्या शीर्षातून किती रक्कम वेगळी काढली, ती कोणत्या सूत्राने वाटायची, वाटप कोण करणार आणि हिशेब किती दिवसांत लावायचा. हा ठराव जुलैअखेरपर्यंत झाला नाही तर एक ठरलेला प्रकार घडतो. पैसा फेब्रुवारीपर्यंत पडून राहतो, मार्चमध्ये ‘खर्ची टाका’ म्हणून घाई सुटते, आणि एका आठवड्यात फ्लेक्स, शाली आणि नाश्त्यात सगळे संपते.

बहुमताने वाटू नका

मतदान लोकशाहीचे असल्याने बरे वाटते. पण सक्तीने गोळा केलेल्या फीच्या वाटपात ते लहान गटांवर अन्याय करते. आठशे विद्यार्थ्यांत कोलाम पंधरा असतील तर मतदानात त्यांचा कार्यक्रम कधीच निवडून येणार नाही, मग तो कितीही चांगला असो.

हा पेच फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या काही विद्यार्थ्यांनी, आपल्याला न पटणाऱ्या संघटनांना आपल्या फीतून पैसा जातो म्हणून दावा लावला होता. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली सांगितले की अशी सक्तीची फी घेता येते, पण अट एकच: वाटप करताना कोणाचा विचार पटतो वा पटत नाही याकडे पाहायचे नाही. विद्यार्थ्यांच्या सार्वमताने एखाद्या संघटनेचे पैसे ठरवण्याच्या तिथल्या पद्धतीवर न्यायालयाने शंका घेतली, कारण अल्पमतातल्यांचे रक्षण बहुमताच्या मर्जीवर सोडता येत नाही. तो निकाल आपल्याला लागू नाही. त्यातला विचार मात्र आपल्या महाविद्यालयाला नेमका बसतो.

आपल्या राज्यघटनेतले अनुच्छेद २७ आणि २८ ही समितीने एकदा वाचावेत. विशिष्ट धर्माच्या प्रसारासाठी कर देण्याची सक्ती करता येत नाही, आणि शासनाचे अनुदान घेणाऱ्या संस्थेत कोणाला त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला बसवता येत नाही. फी हा कर नव्हे, पण यावरून दोन साधे नियम करता येतात. पूजा, आरती, नमाज, वंदना यांचा खर्च या निधीतून करायचा नाही. त्या परंपरेची ओळख करून देणारे व्याख्यान, गाणी, प्रदर्शन किंवा खाद्यपदार्थ यांचा खर्च मात्र करायचा. दुसरा नियम असा की कोणत्याही कार्यक्रमाची हजेरी सक्तीची नसावी आणि अंतर्गत गुणांशी जोडू नये.

सूत्र आकड्यांत

समजा विद्यार्थी ८०० आहेत आणि वरच्या शीर्षांतून प्रत्येकी ६० रुपये बाजूला काढले. निधी झाला ४८,००० रुपये. तो असा मांडा:

लहान गटांचा हमी हिस्सा, ४० टक्के: १९,२००
खुल्या प्रस्तावांसाठी, ३५ टक्के: १६,८००
प्रवास आणि सुलभता, १५ टक्के: ७,२००
राखीव, १० टक्के: ४,८००

हमी हिस्सा हा या सगळ्याचा कणा आहे. ज्या गटाचे विद्यार्थी एकूण संख्येच्या पाच टक्क्यांहून कमी, म्हणजे आपल्या उदाहरणात चाळीसपेक्षा कमी आहेत, अशा प्रत्येक गटाला ३,००० रुपये मागताक्षणी मिळतात, इतर कुणाशी स्पर्धा न करता. असे सहा गट पुढे आले तर १८,००० लागतात. उरलेले १,२०० राखीवमध्ये जातात. आठ गट आले तर हमीची रक्कम समान वाटा, म्हणजे प्रत्येकी २,४००. खुल्या हिश्श्यातून एका प्रस्तावाला जास्तीत जास्त ७,००० अशी मर्यादा ठेवा, नाहीतर एकच दणदणीत कार्यक्रम अर्धा निधी घेऊन जातो.

गट कोणते, हे ठरवताना सर्वात जास्त जपावे लागते. प्रवेश अर्जातल्या जातीच्या रकान्यावरून याद्या काढू नका, त्या फलकावर तर मुळीच लावू नका. पारधी समाजातल्या कितीतरी मुलांना ओळख उघड झाल्याचा त्रास गावात आधीच भोगावा लागलेला असतो. गट स्वतःहून पुढे यायला हवा: भाषा, समाज, धर्म, प्रदेश किंवा अपंगत्व यांपैकी ज्या धाग्याने मुले एकत्र येतील तो धागा त्यांनी सांगावा. किमान तीन विद्यार्थी असले की अर्ज करता येईल. एखाद्या समाजाचा एकच विद्यार्थी असेल तर त्याच्या लेखी संमतीने एखाद्या शिक्षकाने अर्ज करावा, आणि कार्यक्रमात त्या मुलाचे नाव घ्यायचे की नाही ते त्यानेच ठरवावे.

समिती नऊ जणांची

पाच विद्यार्थी, तीन शिक्षक, एक कार्यालयीन कर्मचारी. विद्यार्थी वर्गप्रतिनिधींमधून चिठ्ठ्या टाकून निवडा. शिक्षकांनी सुचवलेली नावे घेतली की दरवर्षी तीच चार बोलकी मुले येतात. पाचांत निदान तीन मुली, एक वसतिगृहात राहणारा आणि एक रोज एसटीने येणारा असावा. शेवटच्या दोघांना वेळेचा आणि पैशाचा खरा हिशेब माहीत असतो. कार्यालयीन कर्मचारी पहिल्या दिवसापासून बैठकीत असला की ‘हे व्हाउचर चालत नाही’ हे वाक्य कार्यक्रमानंतर ऐकावे लागत नाही. ज्याचा स्वतःचा प्रस्ताव चर्चेला आहे त्याने तेवढ्या वेळापुरते बाहेर बसायचे.

अर्ज एका पानाचा आणि मराठीत ठेवा. त्यात काय करणार, कुठे, कधी, कोण करणार, खर्चाची फोड आणि जबाबदार दोन विद्यार्थ्यांची नावे. बस. समितीने पाच प्रश्न विचारायचे: कार्यक्रम सर्वांना खुला आहे का? ज्या समाजाविषयी आहे त्याची माणसे तो आखत आहेत का? खर्चाची फोड पूर्ण आहे का? तारीख बसते का? मागचा हिशेब दिला आहे का? ‘हा विषय आपल्याकडे हवा कशाला’ हा प्रश्न समितीच्या कक्षेत येत नाही, आणि अध्यक्षाने तो तिथेच थांबवावा. पक्षाचा प्रचार आणि दुसऱ्या समाजाची निंदा यांना बंदी असते, पण ती नियमावलीत आधीच छापलेली हवी, समोरचा अर्ज पाहून सुचलेली नको. नकार दिला तर कोणत्या नियमाने, हे एका ओळीत लिहून द्या आणि सात दिवसांत प्राचार्यांकडे दाद मागण्याची सोय ठेवा.

तारीख शेती पाहून

इथे सर्वाधिक कार्यक्रम फसतात. जून-जुलैत पेरणी, ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, नोव्हेंबरात पूर्व विदर्भात धानाची कापणी आणि सगळीकडे सत्र परीक्षा, कापूस वेचणी तर जानेवारीपर्यंत रेंगाळते. मार्चच्या मध्यापासून जंगलपट्ट्यातली घरे पहाटे मोहफुले वेचायला जातात, पुढे तेंदूपत्ता. म्हणजे सोयीचे दोनच काळ उरतात: ऑगस्टचा पहिला आठवडा ते सप्टेंबरअखेर (पोळा आणि तान्हा पोळा वगळून), आणि जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारी.

९ ऑगस्टचा जागतिक आदिवासी दिन पहिल्या काळात नीट बसतो. पण त्यासाठी अर्ज जुलैतच मंजूर व्हायला हवा, म्हणून ठरावाची घाई. १५ फेब्रुवारीची सेवालाल महाराज जयंती, २१ फेब्रुवारीचा मातृभाषा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन दुसऱ्या काळात येतात. २१ ते २७ असा बोलींचा आठवडा घेतला तर एकाच खर्चात सात बोली बसतात. १५ नोव्हेंबर (बिरसा मुंडा जयंती), २६ नोव्हेंबर (संविधान दिन) आणि १८ डिसेंबर (अल्पसंख्याक हक्क दिवस) परीक्षेच्या आसपास पडतात. त्या दिवशी अर्ध्या तासाचे वाचन ठेवा आणि मोठा कार्यक्रम जानेवारीअखेर घ्या. शासनाच्या परिपत्रकानुसार करायच्या जयंती-पुण्यतिथीचा हार-फोटोचा खर्च महाविद्यालयाच्या नेहमीच्या खर्चातून होऊ द्या. तो या निधीवर टाकला की वर्षभरात निधी फुलांतच जातो.

वेळ अकरा ते तीन. बाहेरगावच्या मुलींची शेवटची सोयीची एसटी बहुतेक ठिकाणी चार-पाचच्या सुमाराला सुटते. संध्याकाळच्या कार्यक्रमाला गावातलीच मुले उरतात. नाइलाजाने उशीर होणार असेल तर प्रवास हिश्श्यातून काळीपिवळी किंवा मॅजिक ठरवा, मुलींची गावनिहाय यादी करा आणि सोबत एक शिक्षिका पाठवा. त्याच हिश्श्यातून व्हीलचेअरसाठी प्लायवूडचा उतार, कमी ऐकू येणाऱ्यांसाठी पुढच्या रांगेतल्या जागा आणि गरज असेल तिथे सांकेतिक भाषेचा दुभाषी यांचा खर्च करा.

कलावंतांना पैसे द्या

दंडार, रेला, कोरकूंचे गदली-सुसुन ही नृत्ये आणि बंजाऱ्यांची लेंगी गीते सादर करणारी मंडळी गावात शेतमजुरी करतात. आपल्याकडे एक दिवस येणे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडणे. शाल-श्रीफळ आणि ‘कला दाखवायची संधी’ देऊन त्यांना परत पाठवणे अन्याय आहे. एका दंडार पथकाचा खर्च असा येतो: बारा जणांचे मानधन प्रत्येकी ५०० प्रमाणे ६,०००, जीप २,५००, पथक, चालक आणि सोबती मिळून चौदा जणांचे जेवण ९० प्रमाणे १,२६०. एकूण ९,७६०. हमीचे ३,००० आणि खुल्या हिश्श्यातले ६,७६० मिळून हे बसते. दर आपल्या भागातल्या त्या हंगामातल्या मजुरीपेक्षा निदान दीडपट धरा. खर्चाचा मोठा वाटा माणसांच्या हाती गेला पाहिजे, मंडपाच्या नव्हे.

पैसे वाचवायचे असतील तर सत्कारांवर वाचवा. दहा पाहुणे, प्रत्येकी शाल, श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह धरून ३०० रुपये, म्हणजे ३,०००. एका लहान गटाचा पूर्ण हमी हिस्सा तेवढाच आहे. या निधीतून सत्कार होणार नाहीत असा नियमच करा. एकदा नियम झाला की कोणा पुढाऱ्याला वाईट वाटण्याचा प्रश्न प्राचार्यांवर येत नाही.

स्वस्त कार्यक्रमही दमदार होतात. बोलींच्या आठवड्यात प्रत्येक गटाने शेतीची अवजारे, पाऊस, नाती आणि जंगल यांचे पन्नास शब्द आपल्या आजी-आजोबांकडून लिहून आणावेत, मोबाइलवर त्यांच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करावेत, ड्रॉइंग शीटवर मांडावेत. कागद, रंग, छपाई आणि एका लहान स्पीकरचे भाडे धरून दीड हजारात होते. ध्वनिमुद्रणे ग्रंथालयात ठेवली तर ती पुढच्या तुकड्यांना उपयोगी पडतात.

कुठे बिघडते

‘आदिवासी वेशभूषा स्पर्धा’ ठेवू नका. ज्यांचा तो पोशाख नाही ती मुले पिसे लावून, अंगाला रंग फासून येतात, आणि खरे गोंड-माडिया विद्यार्थी मागच्या रांगेत मान खाली घालून बसतात. पोशाख दाखवायचा असेल तर त्या समाजातल्या विद्यार्थ्यांनी, त्यांची इच्छा असेल तरच, तो कधी आणि का घालतात हे सांगत दाखवावा. पेनठाण्यातल्या (गोंडांच्या देवस्थानातल्या) वस्तू, देवाची वाद्ये, विधीतली गाणी रंगमंचावर आणायची का, हे समितीने ठरवायचे नाही. गावातल्या भुमकाला (पुजाऱ्याला) किंवा जाणत्यांना विचारा. ते नाही म्हणाले तर तिथेच थांबा.

एकाच मुलाला दरवर्षी ‘तुमच्या समाजाविषयी बोल’ म्हणून उभे करू नका. तो अभ्यासाला आला आहे. दोन वर्षे सलग जबाबदारी घेतलेल्याला तिसऱ्या वर्षी मोकळे सोडा.

खाद्यपदार्थांवरून वाद होतातच. जो गट पदार्थ करतो तो आपला पदार्थ ठरवेल, प्रत्येक भांड्यापुढे त्यात काय आहे याची पाटी असेल, शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांच्या पळ्या आणि टेबले वेगळी असतील, कोणी कोणाला खा म्हणणार नाही आणि खाऊ नको असेही म्हणणार नाही. एवढे आधी लेखी ठरवले तर त्या दिवशी भांडण कमी होते. साहित्याचे पैसे निधीतून द्या. ‘घरून करून आणा’ म्हटले की ज्याच्या घरी तेलाची बाटलीही मोजून येते त्याची पंचाईत होते.

याच कारणाने ‘आधी खर्च करा, मग बिल लावा’ ही पद्धत इथे चालत नाही. स्वतःचे तीन हजार गुंतवू शकणारी मुलेच मग कार्यक्रम करतात. मंजूर रकमेच्या साठ टक्के उचल कार्यक्रमाच्या सात दिवस आधी द्या, उरलेली रक्कम बिले आल्यावर दहा दिवसांत. उचल जबाबदार शिक्षकाच्या नावे काढा, विद्यार्थ्यावर कर्जाचा भार नको.

बिले आणि हिशेब

दुकानाचे पक्के बिल घ्या. जीपवाला, स्वयंपाकीण, कलावंत यांच्याकडे बिलपुस्तक नसते, त्यांच्यासाठी हातपावती चालते: नाव, गाव, कामाचे वर्णन, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत, तारीख, सही किंवा अंगठा, आणि अंगठा असेल तर एका साक्षीदाराची सही. वाहनाच्या पावतीवर गाडीचा क्रमांक आणि अंतर लिहा. ५,००० रुपयांहून मोठ्या रोख पावतीवर एक रुपयाचे महसूल तिकीट लावा. पथकाला एकगठ्ठा रक्कम प्रमुखाकडे देऊ नका. बारा नावे, बारा रकमा, बारा सह्या अशी यादी करा, नाहीतर मागे वाद्य वाजवणाऱ्या म्हाताऱ्यापर्यंत काही पोहोचत नाही. बँक खाते असेल तर थेट खात्यात टाका.

कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांत एका पानाचा हिशेब सूचनाफलकावर आणि वर्गांच्या व्हॉट्सअॅप गटांवर लावा: मंजूर किती, खर्च कशावर किती, परत किती. आपल्या फीचे काय झाले हे समजायला कोणत्याही विद्यार्थ्याला माहितीच्या अधिकारात अर्ज करावा लागू नये. हिशेब न देणाऱ्या गटाचा पुढचा खुला प्रस्ताव थांबवा. हमी हिस्सा मात्र थांबवू नका. तो पुढच्या वर्षी दुसऱ्या दोन विद्यार्थ्यांच्या जबाबदारीवर द्या, कारण चूक दोघांची असते आणि हक्क गटाचा.

फेब्रुवारीअखेर शिल्लक मोजा. हमी हिश्श्यातले पैसे कोणी मागितले नसतील तर गॅदरिंगकडे वळवू नका. ज्या वर्गांतून एकही अर्ज आला नाही तिथे समितीने स्वतः जाऊन विचारावे. अनेकदा अर्ज येत नाही तो ‘आपल्याला देतील का’ या शंकेने. तरीही उरले तर रक्कम त्याच शीर्षाखाली पुढच्या वर्षी ओढण्याचा ठराव ३१ मार्चपूर्वी करून घ्या. सोबत एक फाइल तयार ठेवा: नियमावली, आलेले सगळे अर्ज आणि त्यावरचे निर्णय, कोणत्या पथकाला किती दिले, कोणत्या गावाला गाडी कितीत गेली, आणि पथकप्रमुखांचे फोन क्रमांक त्यांच्या परवानगीने. जुलैतल्या नव्या समितीच्या पहिल्या बैठकीत ही फाइल टेबलावर असावी.